झुलाल आप्पांची तारीख

मागच्या महिन्यात आमच्या मिलमधले एक साहेब निवृत्त झाले, आणि निरोप म्हणून त्यांना केक कापायला लावला. केकवर मेणबत्ती. मेणबत्ती विझवून माणसाला घरी धाडायचं, ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली त्या डोक्याला माझा दुरूनच नमस्कार. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने साहेबांचं आडनाव चुकवलं, दोघांनी भाषणं मोबाइलमध्ये बघून वाचली, आणि टाळ्या संपायच्या आत साहेब मागच्या दाराने गाडीत बसून निघूनही गेले. मी कागदी बशी हातात धरून कोपऱ्यात उभा होतो. झुलाल आप्पा असते तर त्यांनी हे होऊ दिलं नसतं, एवढंच सारखं मनात येत होतं.

आप्पांचं पूर्ण नाव झुलाल माळी. गाव खानदेशात शिंदखेड्याकडे, राहणं सुरतेला कोसाडच्या कॉलनीत आणि काम सुरतेजवळच्या सचिन गावात आमच्या मिलमध्ये, फोल्डिंग खात्यात. आमची मिल कापड रंगवते आणि छापते. छापून आलेलं कापड टेबलावर ओढून तपासायचं, डाग-भोकं बघायची, घड्या घालून ताके, म्हणजे तागे, बांधायचे, हे फोल्डिंगचं काम. मी शेजारच्या स्टोअरमध्ये, मूळचा अकोल्याचा. मधे नुसती पत्र्याची भिंत, त्यामुळे आप्पांचं बोलणं मला दिवसभर फुकटात ऐकू यायचं.

माणूस बुटका, खांद्यांनी रुंद. पांढरी टोपी घरापासून गेटपर्यंत डोक्यावर असायची आणि आत आल्यावर घडी होऊन खिशात जायची. एक खोड मात्र वाईट होती. कोणाशीही बोलताना त्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरायचे आणि बोलणं संपेपर्यंत सोडायचे नाहीत. मालकांचे चिरंजीव एकदा खात्यात चक्कर मारायला आले, तर आप्पांनी त्यांचीही बाही धरली. चिरंजीव आधी गोंधळले, मग त्यांनी हात तसाच पुढे धरून ठेवला. मी एकदा हौसेने नवा सफारी शिवून घेतला होता. आप्पांनी त्याची बाही चोळली आणि म्हणाले, "भाऊ, ह्याच्यात सूत कमी अन् इस्त्री जास्ती आहे." तो सफारी मी नंतर फारसा घातला नाही.

मिलमधले सगळे निरोप समारंभ आप्पांकडे असत. ते कसे आले त्यालाही कारण आहे. मिलमध्ये नोकरी पक्की झालेले जे कामगार, त्यांना इथे 'कायमी' म्हणतात. या कायमींचे दोन गट होते आणि दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. एका गटातला माणूस निवृत्त झाला की दुसरा गट चहालाही फिरकत नसे. आप्पा कुठल्याच गटात नव्हते, कारण ते मुळात कायमीच नव्हते. ते एजन्सीमार्फत आलेले, म्हणजे काम मिलचं, पगार एजन्सीचा, आणि माणूस म्हणाल तर कोणाचाच नाही. अशा माणसावर दोन्ही गटांचा विश्वास बसला. न्हावी आणि भटजी गावात सगळ्यांना चालतात, तसे आप्पा सगळ्यांना चालायचे.

त्यांचे नियम ठरलेले होते. शाल बाजारातून पारखून आणायची, मिलचं कापड द्यायचं नाही, कारण आयुष्यभर ज्याच्या घड्या घातल्या तेच परत अंगावर कशाला. बायकोला बोलवायचंच. पहाटे उठून डबा तिने केला, तेव्हा निरोप तिचाही असतो. माणसाला त्याच्या खात्यापासून गेटपर्यंत चालत न्यायचं, मोटारसायकल आत आणायची नाही, आणि त्याच्या मागून सगळ्या खात्याने चालायचं. सगळ्यांत कडक नियम भाषणाचा. भाषणात फक्त त्या माणसाचा पहिला दिवस सांगायचा, दुसरं काही नाही. कर्तृत्व नाही, स्वभाव नाही, संस्थेची हानी नाही. ते म्हणायचे, "पहिला दिवस सांगा, माणूस हसतो. शेवटचा सांगितला की रडतो. रडणाऱ्याला गेटपर्यंत कोण नेईल?"

हा पहिला दिवस ते आधीच खोदून काढून ठेवायचे. जुन्या माणसांना चहा पाजायचे, बाही धरायचे आणि विचारत बसायचे. फोल्डिंगचे मुकादम ठाकोरभाई निवृत्त झाले तेव्हा आप्पांनी सांगितलं, की पहिल्या दिवशी ठाकोरभाईंनी घाईत स्वतःचा टॉवेलच ताक्यात बांधून पाठवला होता, आणि बाजारातल्या व्यापाऱ्याने उलट निरोप धाडला की ही चौकडीची डिझाइन चांगली आहे, अजून माल द्या. ठाकोरभाई एरवी कोणाला दात दाखवायचे नाहीत. ते असे हसले की नारळ हातातून सुटला. गेटपर्यंत हसतच गेले.

आता एजन्सीचं थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर आप्पा कळायचे नाहीत. एजन्सीचे मनीषभाई नेहमी पांढऱ्या, कडक इस्त्रीच्या शर्टात असत आणि बोलायला गुळाची ढेप. आप्पांना त्यांनी सांगितलं होतं, आधी थोडे दिवस करा, मग मिल आपणहून कायमी करेल. मिल करणार होती की नव्हती कोण जाणे, पण एजन्सीने एक सोय करून ठेवली होती. दर काही महिन्यांनी ती आपल्या माणसांना थोडे दिवस घरी बसवायची. याला ब्रेक म्हणतात. ब्रेक संपला की माणूस नव्या कार्डावर नवा म्हणून आत यायचा. म्हणजे तो कधी जुना होतच नाही, आणि जो जुनाच होत नाही तो कायमी करा असं कुठल्या तोंडाने म्हणणार. कोणी कितीही हुशारीचं सांगो, मला यात लबाडीशिवाय काही दिसलेलं नाही.

नव्या माणसाला सुरक्षेचं प्रशिक्षण सक्तीचं. त्यामुळे आप्पा दर ब्रेकनंतर पोरांच्या बरोबरीने पहिल्या रांगेत बसायचे. शिकवणारा अधिकारी तरणाबांड, हौशी. आग लागली तर आधी काय वाचवाल, असं विचारायचा आणि स्वतःच उत्तर द्यायचा, आधी स्वतःला, कारण बायको मिलला जाब विचारत नाही, मला विचारते. हा विनोद दर वेळी तोच, आणि आप्पा दर वेळी मांडीवर थाप मारून हसायचे. मी एकदा त्यांना छेडलं, आप्पा, हा विनोद तुम्हाला तोंडपाठ झाला असेल. ते म्हणाले, "झालाय ना. पण त्याला वाटायला नको की आपला शिळा झाला." त्या अधिकाऱ्याने त्यांना एकदा विचारलं होतं, काका, पहिल्यांदाच मिलमध्ये का? आप्पांनी कार्डाकडे बघितलं आणि हो म्हणाले. कार्डावर तसंच होतं.

एजन्सीच्या माणसाला सुट्टी नसते. म्हणजे घेता येते, पण परत आल्यावर जागेवर दुसरा दिसतो. यावर आप्पांनी काढलेला तोडगा सगळ्या शिंदखेडा भागात प्रसिद्ध होता. नात्यातली लग्नं उन्हाळ्यात यायची आणि ब्रेक लागायचा भलत्याच वेळी. मग आप्पा ब्रेक लागला की लग्नं आधीच उरकून घ्यायचे. सोयरीक ठरली एवढं कळलं की भुसावळकडच्या गाडीने निघायचे, खिशात अक्षतांची पुडी. मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाला ते असेच महिनाभर आधी पोचले. पोरगी अंगणात मिरच्या निवडत बसली होती. आप्पांनी तिथेच तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, आहेर हातात दिला, आणि आचाऱ्याचा पत्ता नसल्याने घरच्यांनी केलेली शेवभाजी खाऊन आले. लोक हसायचे. इंदूबाई, त्यांच्या बायको, त्या मात्र मागाहून खऱ्या लग्नाला एकट्या जायच्या आणि सगळीकडे एकच प्रश्न ऐकायच्या, की आप्पा कुठे. त्या सांगायच्या, ते मागेच येऊन गेले.

एकदा खरोखर कायमी व्हायचा योग आला होता. ठाकोरभाई जाण्याआधी त्यांनी वर शब्द टाकला, की या माणसाला आता घ्या. मॅनेजरही तयार झाले. पण ऑफिसने सांगितलं, एजन्सीशी तसा करारच आहे. एजन्सीचा माणूस मिलने सरळ घ्यायचा नाही. घ्यायचाच असेल तर त्याने आधी वर्षभर मिलबाहेर राहावं, मग नव्याने अर्ज करावा. वर्षभर घरी बसून आप्पांनी काय खायचं, हे करारात नव्हतं. ठाकोरभाई चिडले. आप्पा स्टोअरमध्ये आले, माझी बाही धरली आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, लग्न मिलचं अन् एजन्सीचं लागेल आहे. आपण आहेराचं पातेलं." मी हसलो. मग आपण का हसलो याचा दिवसभर राग येत राहिला.

त्यानंतर कायमीपणाचा विषय त्यांनी काढला नाही. कामरेजकडचा एक छोटा कारखानदार त्यांना चांगल्या बोलीवर बोलावत होता, तिकडेही गेले नाहीत. मला वाटायचं, हा माणूस आता सवयीने राहिलाय. तसं नव्हतं, हे पंडितमुळे कळलं.

पंडित हा आप्पांच्याच टेबलावरचा, एजन्सीचाच. त्याला एकदा ब्रेक लागला आणि पुढे बोलावणं आलंच नाही. कोणी विचारलं की आम्ही सांगायचो, ब्रेकवर आहे. कोणाचं लक्षही नव्हतं. बऱ्याच काळाने आप्पांना तो अमरोलीच्या बाजारात भाजी विकताना दिसला. त्याच्यापुढे मेथीच्या जुड्या आणि शेजारी पिशवीवर मोबाइल. आप्पांनी विचारलं, हे कधीपासून? पंडित म्हणाला, हे तात्पुरतं आहे, मनीषभाईचा फोन येईपर्यंत. बोलता बोलता त्याने दोनदा मोबाइल उचलून बघितला.

दुसऱ्या दिवशी आप्पा टेबलावर गप्प होते. भिंतीपलीकडून आवाज येईना म्हणून मीच उठून गेलो. ते म्हणाले, पंडितला कोणी काढलेलं नाही. त्याने सोडलेलंही नाही. तो त्याच्या हिशोबाने अजून ब्रेकवरच आहे, आणि असाच ब्रेकवर एक दिवस मरून जाईल. मग माझी बाही धरून म्हणाले, "भाऊ, माणसाला आपला शेवटला दिवस माहीत पाहिजे. ठाकोरभाईला होता. मला कोण सांगील?" इतक्या लोकांना ज्यांनी गेटपर्यंत पोचवलं त्या माणसाला स्वतःला गेट कधी बंद होणार हे ठाऊक नव्हतं, आणि असणारही नव्हतं, कारण एजन्सीचा माणूस निवृत्त होत नाही. त्याचं कार्ड एक दिवस चालायचं थांबतं.

थोड्याच दिवसांत आप्पांनी जाहीर केलं, की दिवाळीच्या सुट्टीआधीचा जो शेवटचा शनिवार, त्या दिवशी मी रिटायर होतोय. सगळी मिल चाट पडली. तुम्हाला रिटायर कोण करणार, असं विचारलं तर म्हणायचे, मीच. वय झालं होतं, डोळे कापडावर ठरत नव्हते, हे खरंच. इंदूबाई कोसाडला घरी साड्यांना फॉल-पिको करायच्या, त्यातच हातभार लावायचा आणि बसायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. मनीषभाई आले तेव्हा आप्पांनी त्यांनाही सांगितलं. मनीषभाईंच्या धंद्यात हे कधी घडलेलं नसावं. ते म्हणाले, आप्पा, बसा की घरी, कोण अडवतंय, त्यात तारीख कशाला? आप्पा म्हणाले, तारीखच पाहिजे.

मग खात्यात लगबग सुरू झाली. दोन्ही गटांनी मिळून शाल आणायचं ठरवलं, हे प्रथमच घडत होतं. कोसाडच्या कॉलनीत इंदूबाईंनी सांगून टाकलं, की शनिवारी हे येतील तेव्हा गुलाल आणून ठेवा. शेजारच्या एका कायमी कामगाराला पूर्वी असंच वाजतगाजत घरी आणलेलं त्यांनी पाहिलं होतं, आणि तेव्हा त्या दारात उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. हे मला आप्पांनीच सांगितलं.

शनिवार जवळ आला आणि त्याच आठवड्यात एजन्सीचा ठेका गेला. मिलने दुसरी एजन्सी बघितली होती. सगळ्यांच्या मोबाइलवर संध्याकाळी एक ओळ आली, की उद्यापासून कार्ड बंद, दिवाळी आनंदात साजरी करा. बाकीच्यांना नवल वाटलं नाही. दिवाळीनंतर लाभपाचमीला मिल उघडते, तेव्हा नवी एजन्सी बोलावेल या आशेवर त्यांनी बोचकी भरली आणि दोन दिवस आधीच गावाकडच्या गाड्या धरल्या. आप्पा सकाळी नेहमीसारखे गेटवर आले. कार्ड लावलं, लाल दिवा लागला. परत लावलं. मग टोपी नीट केली आणि बसस्टॉपकडे चालू लागले. हे मी स्टोअरच्या खिडकीतून बघितलं, आणि गेटवर पोचेपर्यंत बस निघून गेली होती.

त्या संध्याकाळी कोसाडला त्यांच्याकडे गेलो. मला वाटलं होतं, माणूस खचला असेल. आप्पा साडीला फॉल लावायला दोरा ओवत बसले होते. इंदूबाईंनी चहा ठेवला. मी म्हणालो, आप्पा, इथल्या देवळाच्या ओट्यावर कार्यक्रम करू, सगळ्या खात्याला घेऊन येतो. त्यांनी मान हलवली. फोल्डिंगपासून गेटपर्यंत चालायचं आहे, एवढंच म्हणाले. मी म्हटलं, पण कार्ड बंद आहे. ते म्हणाले, तारीख शनिवारची आहे.

तेवढ्यात मनीषभाईंचा फोन आला. मोबाइल स्पीकरवर होता, कारण आप्पांच्या दोन्ही हातांत साडी होती. मनीषभाई सांगत होते, की नवी एजन्सी म्हणजे त्यांच्या मेव्हण्याचीच आहे, लाभपाचमीला आप्पांचं नवं कार्ड तयार असेल, तेच टेबल, तेच काम, आप्पा तर घरचे माणूस. इंदूबाईंनी चहाची गाळणी हातात तशीच धरून ठेवली. खरं सांगतो, मला वाटलं आप्पांनी हो म्हणावं. फॉल-पिकोवर दोन माणसांचं घर चालवणं काय असतं, ते मला दिसत होतं.

आप्पा म्हणाले, "नको भाई. शनिवारी रिटायर होतोय."

"पण आप्पा, तुम्हाला तर कालच काढलं."

"तुम्ही काढलं, भाई. मी अजून सोडलं नाही."

मग मनीषभाईंनी दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला. ते वाईट माणूस नव्हते, असं आजही म्हणतो. त्यांना फक्त एखाद्याचा शेवटचा दिवस ही गोष्ट कधी लागली नव्हती. इंदूबाईंनी चहा गाळला आणि आप्पांच्या कपात थोडा जास्त ओतला.

स्टोअरला रोज माल देणारे लोक येतात, त्यामुळे भेटीला येणाऱ्यांचे पास काढायचा अधिकार माझ्याकडे आहे. एजन्सीच्या सुटलेल्या माणसाला आत घेऊ नये, उद्या हक्क सांगत बसेल, असं ऑफिसचं म्हणणं असतं. मी ऑफिसला विचारलंच नाही. शनिवारी जेवणाच्या सुट्टीआधी दोन पास काढले आणि गेटवर जाऊन उभा राहिलो.

आप्पा आणि इंदूबाई रिक्षातून उतरले. आप्पांच्या अंगावर धुतलेलं धोतर, इंदूबाईंनी हिरवं लुगडं नेसलेलं. गेटवर पहारेकरी रामनरेश होता, तोही एका एजन्सीचाच. आप्पांना तो रोज सलाम करायचा. त्या दिवशी तो खाली बघूनच बोलला. म्हणाला, "चाचा, पूछना पडता है. अंदर क्या काम है?"

"काम कुछ नहीं, भैया," आप्पा म्हणाले. "बाहर निकलना है."

बाजूचं छोटं दार असतं, त्यातून पास असलेल्यांना आत घेतात. रामनरेशने मोठं गेट उघडलं.

खात्यात सगळे जमले होते. दोन्ही गट, रंगखात्यातले, सुरक्षेचा तो तरणा अधिकारीसुद्धा. शाल घातली, नारळ दिला. मग एका गटाचे पुढारी भाषणाला उभे राहिले. ते म्हणाले, आप्पांच्या नियमाप्रमाणे आप्पांचा पहिला दिवस, आणि थांबले. त्यांनी दुसऱ्या गटाच्या पुढाऱ्याकडे बघितलं. त्याने मागच्या माणसांकडे बघितलं. आप्पांचा पहिला दिवस कोणालाच ठाऊक नव्हता. ज्यांनी तो पाहिला होता ती सगळी माणसं निवृत्त झाली होती, आणि त्यातल्या प्रत्येकाला आप्पांनीच गेटपर्यंत पोचवलं होतं. ठाकोरभाई मुलाकडे परदेशात. आमच्यातल्या कोणीही कधी, आप्पा, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा काय झालं, असं विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि माझ्यात आणि त्यांच्यात एक पत्रा होता.

कोणीतरी म्हणालं, आप्पा, तुम्हीच सांगा. आप्पांनी जमिनीकडे बघत मान हलवली. स्वतःचा स्वतः सांगत नसतात, म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. सगळं जमवून आणलं आणि मधलीच वीट नाही, असं झालं होतं.

तेव्हा इंदूबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मी सांगस."

एवढ्या पुरुषांपुढे त्या पहिल्यांदाच बोलत असाव्यात, पण आवाज हलला नाही. त्यांनी त्यांच्या अहिराणीत सांगितलं, की आम्ही दोघं सकाळच्या गाडीने सुरतेत उतरलो आणि उधन्याला एका नातेवाइकाच्या खोलीत बोचकं ठेवलं. हे तसेच मिलमध्ये गेले. इथे कोणीतरी चुकून यांना छपाईत पाठवलं. संध्याकाळी आले ते कानापर्यंत गुलाबी होऊन. चाळीतली पोरं मागे लागली, कोणी म्हणे होळी आली. मी दोन बादल्या पाणी ओतलं तरी रंग निघेना. लोक हसायला लागले. आप्पाही हसायला लागले. इंदूबाई म्हणाल्या, मग मी यांना विचारलं, बोचकं सोडू का, भांडी मांडू का? तर हे गुलाबी तोंडाने मला काय सांगतात, "दोनच महिनानं काम शे. बोचकं सोडू नको."

सगळं खातं हसलं. आप्पा सगळ्यांत जास्त हसले, चष्मा काढून धोतराने डोळे पुसत हसले. दोन महिने, दोन महिने, असं कोणीतरी मागून म्हणत होतं. आणि हसत हसतच ते चालायला लागले. फोल्डिंगमधून, रंगखात्याच्या कडेने, बॉयलरच्या पुढून, गेटकडे. इंदूबाई बरोबर, मागे आम्ही सगळे. तो रस्ता मी रोज चालतो, पण त्या दिवशी मला तो लांब वाटला आणि तसाच वाटत राहावा असं वाटलं. मिलने त्यांना काही दिलं नाही, एजन्सीने तर नाहीच. तो रस्ता तेवढा त्यांनी घेतला.

गेटबाहेर रिक्षात कॉलनीतले दोघे-तिघे गुलाल घेऊन थांबले होते. त्यांनी आप्पांच्या कपाळाला गुलाल लावला. रामनरेशने दोन्ही पास परत घेतले आणि सलाम केला. मी नारळाची पिशवी द्यायला मागे उभा होतो, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. रिक्षात चढता चढता आप्पा थांबले आणि इंदूबाईंना हळूच म्हणाले, "काय वं, ते बोचकं खरंच बांधेल शे का?"

"मंग? तुम्ही कधी सांगं, सोड म्हणीसन?"

आप्पा इंदूबाईंकडे बघत राहिले. गुलाल नाकावर उतरला होता, तो त्यांनी पुसला नाही.

"सोडी टाक," ते म्हणाले, आणि रिक्षात बसले.